समासातला ब

मंगळवार पेठेतल्या वाचनालयाची पुस्तकं मी बांधतो.
खळ, दोरा, पुठ्ठा, वर कापड.
आतलं वाचायचं नाही, हा वडिलांचा नियम.
वाचणारा बाइंडर उपाशी मरतो म्हणायचे.

गेल्या आठवड्यात एक जाड कादंबरी परत आली,
एकवीस वर्षं उशिरा.
पाठ निखळलेली, फर्मे सुटे,
पानापानाच्या उजव्या कोपऱ्यात
काळ्या तेलाचा एकच अंगठा.
कार्डावर शेवटचं नाव: हिंदुराव सुतार,
पॅटर्नमेकर, उद्यमनगर.

कादंबरी नेहमीचीच.
एका सरळ माणसाला त्याचा जिवलग बुडवतो.
तो परागंदा होतो, नाव बदलतो,
आणि शंभरेक पानांनी परत येतो
दुसऱ्याच कुणाच्या चालीनं.
लेखकाला घाई नसते. आपल्यालाही नसते.
अशा पुस्तकांत आपण सगळेच
दाराआड श्वास धरून उभे.

हिंदुरावनं सुताराच्या जाड पेन्सिलीनं
समासात खुणा केल्यात.
बुडालेल्याच्या वाक्यापुढं: मी.
बुडवणाऱ्याच्या वाक्यापुढं: ब.
ब म्हणजे कोण, लिहिलेलं नाही.
पान छत्तीसवर फक्त,
'सही माझीच. कागद कोरा.'

मग पानोपानी मी, मी, मी.
एकशे बाराला, 'शाब्बास.'
एकशे सत्तरला शत्रूची वखार जळते,
तिथं पेन्सिल इतकी दाबलीय
की मागच्या पानावरही मी उमटलाय, उलटा.

दोनशे ऐंशीनंतर खुणा विरळ.
नायक आता गोड बोलायला लागलाय.
शत्रूच्या भोळ्या पोराच्या
पाठीवर हात ठेवून कागद पुढं सारतो,
'वाचायचं काय त्यात? घरचाच तू.'

पान तीनशे चाळीस.
त्या वाक्यापुढं आधी मी लिहिलंय.
मग खोडलंय, रबरानं नव्हे,
बोटाला थुंकी लावून. कागदाची लव निघालीय.
आणि त्या राखी डागावर, बारीक अक्षरात:
ब.

पुढं काही नाही.
पुढची साठ पानं स्वच्छ.
अंगठासुद्धा नाही.

पुस्तक आणून देणाऱ्या पोराला विचारलं,
वडिलांचं कुणाशी वाकडं होतं काय?
'आमच्या बाचं? छ्या!
एक ते फौंड्रीवाले काका हुते, आधी लई घरोबा.
त्यांच्या नव्या भट्टीच्या पूजेला बा गेल्ता,
मलाबी नेल्तं. दारात उभा ऱ्हायला थोडा येळ,
मग म्हटला, चल.
हातातला नारळ आम्ही रंकाळ्यावर फोडून खाल्ला.'

एवढंच. मला हवं होतं त्याहून कमी.
मी आग मागत होतो, पोलीस, निदान एक शिवी;
तीनशे पानांची चटक असते ती.

माझा मामा फौंड्रीत मोल्डर होता.
म्हणायचा, लोखंडाला स्वतःचा आकार नसतो.
वाळूत कुणीतरी आधी खड्डा पाडून ठेवलेला असतो,
ते तापतं, लाल होतं,
आणि धावत जाऊन त्यातच बसतं.
त्या खड्ड्याचं लाकूड
हिंदुराव आयुष्यभर कोरत होता.
त्याला खड्डा लांबनं ओळखू येत असणार.
किंवा नसेलही. मला काय ठाऊक.
दारात उभं राहून त्यानं काय बघितलं,
ते पोराच्या उंचीवरनं दिसलं नसणार.

बांधणी झाली की कटिंग.
तिन्ही कडा सुतात आणायच्या.
दोन कापल्या. तिसरीला यंत्राची मूठ धरली,
आणि सोडली.
त्यामुळं ते पुस्तक आता कपाटात
बोटभर पुढं येतं.
पाटणकरबाई रोज आत ढकलतात,
मागं भिंत आहे, ते जात नाही.

शेवटची साठ पानं मी वाचली नाहीत.
वडिलांचा नियम, तीनशे चाळीस पानं मोडून झालेला,
तिथं अचानक आठवला.
शिवाय या दुकानाच्या कागदावर
धाकट्या भावानं माझी सही घेतली, त्याला आठ वर्षं झाली,
आणि माझ्या कानावर
पेन्सिल होती.